शिवेच्या आतलं घर

हातातली झाकणी निसटली आणि फरशीवर पडून गोल गोल फिरत राहिली. एरवी असल्या आवाजाला कोण विचारतं? बाहेर कोंबडा ओरडत असतो, कुणाच्या तरी दारात टेपवर भजन लागलेलं असतं, खाडीवर होडीचं इंजिन फटफटत असतं, त्यात एक झाकणी कुठे पडली आणि कुठे गप्प झाली हे पाडणाऱ्यालाही कळत नाही. पण आज गावात माणूस नव्हतं, कुत्रं नव्हतं, कोंबडी नव्हती. आवाजाला अडवायला काहीच नसल्यामुळे तो खिडकीतून बाहेर पडला, माडांतून गेला आणि थेट खाडीपर्यंत पोचला असं अक्षदाला वाटलं. तिने घाईघाईने झाकणीवर पाय दाबला. तेवढ्यात आतल्या खोलीतून स्वरूप वाकून, खिडकीच्या खालून डोकं दिसणार नाही अशा बेताने आला आणि ओठांवर बोट ठेवून कुजबुजला, "अगं, हळू! पलीकडे ऐकू जाईल." भर सकाळी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोला. अक्षदाचा पाय झाकणीवर तसाच राहिला. पायाखालचं स्टील गार होतं आणि छातीत मात्र धडधड चालली होती, चोरी करताना पकडल्यासारखी. चोरी कसली केली, हे तिला सांगता आलं नसतं. घर त्यांचं होतं. दोघांच्या नावावर होतं. आणि तरीही काल दुपारपासून ती दोघं त्यात लपून बसली होती.

गाव सगळा शिवेबाहेर गेला होता. चार-पाच वर्षांनी एकदा देवाला कौल लावतात. देवाने कौल दिला की अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री घरदार सोडून शिवेपलीकडे खोपी बांधून राहतो. लहान मूल, म्हातारी माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळं घेऊन. मागे जिवंत काही ठेवायचं नाही. त्या दिवसांत गाव देवाचा. चौथ्या दिवशी मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल लावतात, देवाने हो म्हटलं की मंडळी परत घरी. गावपळण म्हणतात तिला. स्वरूपला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तो कट्टा गावचा, इथून फार लांबचा नव्हे. पण कट्ट्याला ही रीत नाही, आणि जी रीत आपल्या गावात नाही ती आपल्याला लागत नाही असं कट्ट्याच्या माणसाला मनापासून वाटतं. वर त्याने ह्या घरासाठी नाताळच्या सुट्टीचं पहिलं मोठं बुकिंग घेऊन ठेवलेलं. तारीख आधी कळायला देव काय कॅलेंडर छापतो? कौल झाला आणि गावपळण नेमकी त्याच दिवसांत आली. तेव्हा स्वरूप सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "गाव त्यांचा आहे, अक्षू. आपलं नुसतं घर आहे." हे वाक्य त्याला इतकं आवडलं की तो ते दोनदा म्हणाला. अक्षदाला तेव्हाच काहीतरी बोलायचं होतं. पण तिला सवय होती ती 'हं' म्हणायची, आणि ती 'हं' म्हणाली.

ही 'हं' म्हणायची सवय तिला कुठून लागली ह्याचा विचार करत ती ओट्यापाशी खाली बसली, कारण उभं राहिलं तर खिडकीतून दिसण्याची भीती. बांद्याला, हायवेला लागून, तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. शाळेचं गॅदरिंग असो, मामाचं लग्न असो, आजीचं दिवसकार्य असो, बाबा म्हणायचे, "दुकान टाकून कसा येव गो?" ते कधी कुठे आले नाहीत. जेवणाचा डबा तीच न्यायची. दुपारी शटर अर्धं ओढलेलं असायचं आणि त्याच्या खालून वाकून आत शिरलं की कोऱ्या कापडाचा, खळीचा वास यायचा. त्या अंधारात बाबा गादीवर बसलेले, समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांची फक्त चाकं त्यांना दिसत. गोव्याकडे जाणारी चाकं, मुंबईकडे जाणारी चाकं. "बाबा, तुमका खंय जावचा नाय वाटत?" तिने एकदा विचारलं होतं. ते हसले होते आणि भातावर आमटी ओतत म्हणाले होते, "हं." त्या दिवशी तिने ठरवून टाकलं, आपण असल्या कशात अडकायचं नाही. माणूस लहानपणी फार ठरवतो.

म्हणूनच पुण्यात स्वरूप भेटला तेव्हा ती त्याच्या बोलण्यावर भाळली. दिसायला तो बरा होता, इतकंच. पण बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटे. आर्थिक स्वातंत्र्य हा शब्द तो आई लहान मुलाचं नाव घेते तसा घ्यायचा. चाळिशीच्या आत मोकळं व्हायचं. घरांनी आपल्यासाठी कमवायचं, आपण फक्त जगायचं. पहिलं घर दुसऱ्याला ओढेल, दुसरं तिसऱ्याला; मग नोकरी नाही, साहेब नाही, सकाळचा गजर नाही. त्याच्या ह्या बोलण्यात कुठेही अर्धं ओढलेलं शटर नव्हतं. लग्नानंतर त्यांनी सिनेमे सोडले, बाहेरचं जेवण सोडलं, सहली सोडल्या, कारण पुढे आयुष्यभर सहलच असणार होती. मग खाडीकाठचं हे घर मिळालं. स्वरूपने नोकरी सोडली, तिने सोडली नाही. घराचे हप्ते तिच्या पगारातून जातात. ती आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन पुण्याचं ऑफिस करते आणि बाहेर पाहुणे माडाखाली फोटो काढतात. घराला नाव ठेवलं 'मोकळीक'. फाटकावर लाकडी पाटी, तिच्यावर अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा. आणि मूल? मूल दुसरं घर झाल्यावर. दुसरं घर आपलं आपण चालायला लागलं की लगेच, स्वरूप म्हणाला होता, आणि म्हणताना त्याने तिचा हात हातात घेतला होता, म्हणून ते तिला तेव्हा प्रेमाचं वाटलं. ते प्रेमाचं होतंही कदाचित. दुसऱ्या घराचं कर्ज तिच्या सहीशिवाय मिळणार नव्हतं, तिच्या पगाराशिवाय मिळणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं आणि तिलाही. आजवर त्याने जिथे बोट ठेवलं तिथे तिने सही केली होती. आता वयाने तिशी मागे टाकली होती आणि पोटात कधीकधी एक रिकामी कळ यायची, तिचं दुखणं कुठल्या डॉक्टरला दाखवायचं हे तिला कळत नसे.

काल सकाळी ढोल वाजला आणि गाव निघाला. शेजारची सुगंधा डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, काखेत कोंबडीची टोपली घेऊन फाटकाशी आली. मासे विकणारी बाई, आवाज अख्ख्या बाजाराला पुरेल असा. "गो अक्षदा, येतंस मा आमच्यावांगडा? खोपीत जागा आसा. तुमी दोघाच तर." मागे तिचा नवरा गुणाजी बकरीची दोरी धरून नुसता उभा. तो बोलत नाही, होडीवरही बोलत नाही म्हणतात. अक्षदाने तोंड उघडलं तेवढ्यात स्वरूप हसतमुखाने पुढे झाला, "नको वयनी, आमी कट्ट्याक आवशीकडे जातंव." खोटं त्याच्या तोंडून किती सहज, किती गोड आलं! आणि ते दोघं खरंच निघाले, सगळ्यांच्या देखत, स्कूटरवरून, हात हलवत. स्कूटर कट्ट्याला ठेवली, आणि दुपारी काजूच्या डोंगरावरून, माणूस नाही अशा बाजूने, चालत उतरून परत स्वतःच्या घरात शिरले. पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी त्याच डोंगरावरून आणायचं, 'सुनसान गावात खास मुक्काम' असं स्वरूपने त्यांना सांगूनही ठेवलेलं. पण पाहुण्यांनी मोबाईलवर गावपळणीबद्दल वाचलं, भुताखेतांचं काहीबाही वाचलं, आणि संध्याकाळी बुकिंग रद्द केलं. आता इथे थांबायचं कारण उरलं नव्हतं, तर त्याच संध्याकाळी डोंगराच्या अंगाला गुरं आणून बांधली गेली आणि राखणीला माणसं बसली. साकवाच्या, त्या लहान पुलाच्या, पलीकडे खोपी, रस्त्यावर खोपी, डोंगरावर गुरं. आत येता आलं होतं, बाहेर जायची सोय राहिली नव्हती. "तीन दिवस शांतता," स्वरूप म्हणाला, आणि हसला. "लोक ह्याच्यासाठी पैसे मोजतात."

शांतता अशी असते हे तिला माहीत नव्हतं. रात्रभर ती जागी होती आणि तिला स्वतःच्या गिळण्याचा आवाज येत होता. सकाळी माडाचं एक झाप पडलं तर दोघांनीही एकमेकांचा हात धरला. चूल पेटवायची नाही, धूर दिसेल. पंप लावायचा नाही, आवाज जाईल. पंखा नको, मिक्सर नको, बोलणं शक्यतो नको. काल संध्याकाळी फाटकावरचा तो आपोआप लागणारा दिवा तिने लागायच्या आधीच आतून बटण दाबून बंद केला. रोज तीच ते बटण बघायची, स्वरूपला ते कुठे आहे हेही नीट ठाऊक नसेल. दुपारी तिने भिजवलेले पोहे आणि दही त्याच्यासमोर ठेवलं. पडदे ओढलेल्या खोलीत, जमिनीवर बसून, आवाज न करता तो जेवत होता, आणि पडद्याच्या खालच्या फटीतून येणाऱ्या उजेडात तिला फक्त त्याची बोटं दिसत होती. खळीचा वास आला. आला असं तिला वाटलं. बाबा, ती मनात म्हणाली, मी इलंय हो. तुमच्याच दुकानात इलंय.

जेवण झाल्यावर स्वरूप परसात जाऊन येतो म्हणून गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. तिला तो चेहरा ओळखीचा होता, पुण्यात ज्या चेहऱ्यावर ती भाळली तो हाच. "गुणाजीच्या घराची मागची बाजू बघितलीयस तू कधी?" तो कुजबुजला. "खाडी थेट दिसते. थेट! चुलीमागची रांधपाची भिंत काढली ना, तर सगळी काच बसवता येईल. आपलं आणि ते, मध्ये नुसता दगडी गडगा. दोन्ही एकत्र केलं तर अक्षू, इथे आपल्याला हात धरणारा कोणी नाही." ती म्हणाली, "तू आत गेलास?" तो म्हणाला, "कडीच होती नुसती. काढली आणि परत लावली. काही हलवलं नाही मी." आणि त्याने मोबाईल तिच्यापुढे धरला. सुगंधाचं स्वयंपाकघर. विझवून राख सारखी केलेली चूल. पालथी घातलेली भांडी. दोरीवर सुगंधाचा गाऊन, काखेत उसवलेला, आणि खिडकीच्या कठड्यावर तिचा कंगवा, त्यात गुंतलेले केस. ह्याच चुलीपाशी पावसाळ्यात अक्षदा ताप आला असताना पेज प्यायली होती; सुगंधाने तिचे पाय आपल्या मांडीवर घेऊन तेल चोळलं होतं आणि चोळता चोळता म्हणाली होती, "पोर कधी करतंस गो? वाढवूक मी आसय." स्वरूप बोटाने फोटो पुढे सरकवत होता. भिंत. कौलं. खिडकी. कंगवा. "चांगले पैसे देऊ आपण त्यांना," तो म्हणाला, "फसवायचं नाहीये कोणाला. त्यांनाही सुटका हवीच असेल. विचारून तर बघू. तुझं तिच्याशी पटतं. तूच विषय काढ."

अक्षदाला लाज वाटली. इतकी की कानांच्या पाळ्या तापल्या. आणि लाजेच्या मागोमाग भीती, कारण तिला दिसलं की आपण आता पुन्हा 'हं' म्हणणार. शब्द घशाशी आलाच होता. तिने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि पाण्याबरोबर तो गिळून टाकला. स्वरूपने उत्तराची वाट बघितली नाही. त्याला नकाराची सवय नव्हती, तिनेच ती लागू दिली नव्हती. तो गादीवर आडवा झाला, कानात ती इअरफोनची बोंडं घालून कुठल्याशा माणसाचं गुंतवणुकीवरचं व्याख्यान ऐकू लागला, आणि ऐकता ऐकता झोपला. झोपेत त्याचं तोंड किंचित उघडं होतं. ते बघून तिला त्याची माया आली, अगदी खरी, आणि म्हणूनच ती लगेच उठली. अजून थोडं बसली असती तर उठली नसती. खाली खाडीला ओहोटी लागली होती. कांदळांच्या मुळांपाशी चिखल उघडा पडला होता. तिने चपला काढून ठेवल्या, मोबाईल कुर्त्यात खोवला, ओढणी कमरेला बांधली आणि परसाच्या पायऱ्या उतरून चिखलात पाय घातला.

चिखल गुडघ्यापर्यंत आला. कांदळांच्या आडून, काठाकाठाने, वाकून, ती चालत राहिली. प्रत्येक पाऊल चिखल धरून ठेवत होता आणि सोडताना मोठा आवाज करत होता. एकदा वाटलं परत फिरावं. परत फिरायला तरी सोपं कुठे होतं? बंधाऱ्यापाशी गावाची शीव संपते. तिथून वर चढून, बंधारा ओलांडून, बाहेरच्या बाजूने वळसा घालून ती रस्त्याला लागली आणि कट्ट्याकडून येणाऱ्या माणसासारखी, ताठ, खोपींच्या दिशेने चालू लागली. खोपी काय मजेच्या होत्या! माडाच्या झापांच्या, जुन्या साड्यांच्या, एका ठिकाणी तर चक्क बँकेच्या जाहिरातीचा कापडी फलक छपराला. तीन दगडांच्या चुली, धूर, पोरांचा कालवा, बायकांच्या फुगड्या, पत्ते कुटणारे पुरुष, त्यात गुणाजी, पत्ते खेळतानाही गप्प. इतका आवाज, आणि तो कोणी कोणाला दाबायला सांगत नव्हतं! तिला रडू येईल असं वाटलं. सुगंधा सुके बांगडे भाजत होती. तिने मान वर केली.

"इलंस गो? खंयसून?"

"कट्ट्यासून."

"आणि घोव?"

"तो थंयच रवलो."

सुगंधाने तिच्याकडे बघितलं, मग खाली तिच्या अनवाणी पायांकडे. काळा, वास मारणारा खाडीचा चिखल पोटऱ्यांवर वाळायला लागला होता. तिने उलथनं बाजूला ठेवलं, कळशी उचलली आणि अक्षदाला खोपीच्या मागे नेलं. "कट्ट्याचो रस्तो लयच वंगाळ झालो म्हणायचो," ती म्हणाली आणि पाणी ओतू लागली. "धू बेगीन. बाबलीकाका आताच हंयसून फिरतलो." बाबलीकाका म्हणजे गावचा वडीलधारा मानकरी. कौल लावतो तो. अक्षदा पाय चोळत राहिली, सुगंधा ओतत राहिली. चिखल संपून पाणी निवळ वाहायला लागलं तरी ओतत राहिली. पुढे ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. खोपीत दोन चटया पसरलेल्या होत्या, त्यांच्या बाजूला आणखी दोन, गुंडाळलेल्या. "ह्यो कोणाच्यो?" अक्षदाने विचारलं. "तुमच्यो," सुगंधा म्हणाली. "काल येतानाच हाडून ठेवलेल्यो हत. वाटला, येशात."

मोबाईल थरथरला. 'कुठे आहेस???' तिने लिहिलं, 'खोपीत. कट्ट्याहून आले असं सांगितलंय. तू बाहेर येऊ नकोस.' लिहिताना आपण किती कामापुरतं लिहितो आहोत हे तिलाच जाणवलं. मग आलं: 'वेडी आहेस का?' आणि लगेच दुसरं: 'बरं. तिथे आहेसच तर गुणाजीकडे विषय काढ.' तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्याच्या डोक्यात काय चाललंय हे तिला दिसत होतं, आरशात दिसावं तसं. एक दार बंद झालं की तो दुसरं बघतो. ह्या गुणाचं तिने लोकांत किती कौतुक केलं होतं.

तिन्हीसांजेला सगळी मंडळी खोपींच्या पुढे येऊन बसली. पलीकडे गाव काळा पडत चालला होता. माड, कौलं, देवळाचा कळस, सगळं एकमेकांत मिसळत गेलं, आणि बोलता बोलता माणसं गप्प झाली, कारण ह्या वेळी गाव कसा दिसतो हे बघायला ती चार-पाच वर्षं थांबलेली असतात. आणि त्या काळोखात, खाडीच्या काठाला, एक दिवा लागला. पिवळा, लहान. त्याच्या उजेडात पाटीवरची अक्षरंसुद्धा दिसली असती, कोणाचे डोळे चांगले असते तर. बटण. आज बटण बंद करायला अक्षदा घरात नव्हती. "तुमचो मा गो तो?" सुगंधा म्हणाली. "आपोआप लागता तो." अक्षदाने मान हलवली. एकदोघं हसले, मॉडर्न घर हा, दिवो पण येगळोच. आणि मग, सगळे बघत असताना, दिवा विझला. लागलेला आपोआप असेल. विझलेला आपोआप नव्हता. अक्षदाला आत अंधारात भिंती चाचपत बटण शोधणारा स्वरूप दिसला. अनवाणी, घामाघूम. कोणीही हललं नाही. मग बाबलीकाका सावकाश उठून उभा राहिला, त्याने डोकीवरची टोपी सारखी केली, आणि त्या घराच्या दिशेने हात जोडले. "देव फिरता," तो म्हणाला. सगळ्यांनी हात जोडले. पोरांचे हात आयांनी धरून जोडले. सुगंधाने जोडले, आणि जोडताना तिरप्या नजरेने अक्षदाकडे बघितलं. अक्षदानेही जोडले. आपण कोणाला हात जोडतो आहोत हे त्या सगळ्या गर्दीत तिला एकटीला माहीत होतं, आणि बहुधा सुगंधाला. तिला हसू येत होतं, आणि ते लपवायला तिने मान खाली घातली.

झोपताना सुगंधा काळजीने म्हणाली, "मागल्या दाराक कडी लावलंय काय गो मी? याद येणा नाय." "लावलंस," अक्षदा पटकन बोलून गेली. कडी काढली आणि परत लावली, असं स्वरूपनेच तिला सांगितलं होतं. सुगंधा कोपरावर उठली. "तुका कशी म्हायत?" "तू इसारतंस कधी काय?" अक्षदा म्हणाली. सुगंधा तिच्याकडे बघत राहिली आणि मग आडवी झाली. बराच वेळ दोघींपैकी कोणीच झोपलं नाही हे दोघींनाही कळत होतं. मी इथे सुटून आले, अक्षदा विचार करत होती, आणि इथेही तोंड दाबूनच पडले आहे. चिखलातून बाहेर काढलेला पाय दुसऱ्या चिखलात. सांगून टाकलं तर? बाबलीकाका स्वरूपला ओढून आणवेल, देवापुढे उभा करील, दंड भरून घेईल, एवढंच. पण मग ह्या गावात 'मोकळीक' चालणार नाही, तिचे हप्ते मात्र चालतील, अजून कितीतरी वर्षं. आणि नाही सांगितलं तर उद्या-परवा तो पडद्याआडून बाहेर येईल, आंघोळ करून, हसतमुखाने, वयनी वयनी करत सुगंधाच्या ओसरीवर बसेल आणि तिच्या रांधपाच्या भिंतीकडे बघेल. ते तिला सहन होणार नव्हतं. बाकीचं होईल. ते नाही. हे कळलं तेव्हा तिला अतिशय शांत वाटलं आणि झोप लागली.

दुसरा दिवस तिने खोपीत काढला. वांगी चिरली, पोरांना आंघोळी घातल्या, फुगडी घालताना पडली आणि सगळ्या बायका तिला हसल्या. मधेच आठवण यायची, तो आत आहे, गरम काही खाल्लं नसेल. त्याचे निरोप येत राहिले. 'दही संपलं.' 'रात्री कोणीतरी अंगणात चाललं.' 'झापच असेल पण.' 'बोललीस का?' ती वाचायची आणि मोबाईल पालथा ठेवायची. शेवटी, चौथ्या दिवशी सकाळी, ढोल न वाजवता मानकरी शिवेच्या आत देवळाकडे गेले. खोपींतून आवराआवर सुरू झाली, कोंबड्या टोपल्यांत गेल्या. गुणाजीने बकरीची दोरी हातात घेऊन ठेवली. मोबाईल थरथरला. 'संपलं ना? सगळे घरात शिरले की कळव, मग मी स्टँडकडून आल्यासारखा येतो. गुणाजीशी बोललीस का?'

मानकरी परत आले. बाबलीकाका पुढे. त्याने दोन्ही हात वर केले आणि सगळे थांबले.

"देवान कौल देवक नाय," तो म्हणाला. "आजून एक दिस हंयच. फाल्या परत इचारूया."

पोरांनी आरडाओरडा केला, आनंदाने. कोंबड्या परत सोडल्या. कोणीतरी पत्ते पिसायला घेतले. सुगंधा हसत हसत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अक्षदाने मोबाईलवर लिहिलं, 'एक दिवस वाढला.' मग खाली लिहिलं, 'गुणाजीशी बोललेले नाही. बोलणार नाही. त्या घरासाठी मी सही करणार नाही.' ते एकदा वाचलं. मग पाठवलं. उत्तरादाखल मोबाईल लगेच थरथरू लागला, आणि थांबला, आणि पुन्हा थरथरू लागला. तिने तो बंद केला.

"कोण तो? घोव?" सुगंधाने विचारलं. "तेका कळवलंस मा, एक दिस वाढलो म्हणान? येव दी हंय. चटई आसा तेची. एकटोच काय करतलो थंय?"

'थंय' म्हणताना तिने कट्ट्याच्या रस्त्याकडे बघितलं नाही. ती खाडीपलीकडे, गावाकडे बघत होती. अक्षदानेही तिकडेच बघितलं. माडांतून 'मोकळीक'चं नवं लाल छप्पर तेवढं दिसत होतं. 'येव दी' एवढंच बोलायचा अवकाश होता आणि तो शब्द सुगंधाने तिच्यापुढे काढूनच ठेवला होता.

"नको," अक्षदा म्हणाली. "तेका थंयच बरा वाटता."

सुगंधाने गुंडाळून ठेवलेली एक चटई परत पसरली, एकच, आणि विळी अक्षदाच्या पुढे सरकवली. अक्षदा विळीवर बसली आणि वांगी चिरू लागली.